सिंगलचा कान

१

फाटकावरचं काम म्हणजे काय, तुम्ही म्हणसान, गाडी आली की फाटक लावाचं अन् गेली की उघडाचं. बरोबर आहे. तेवढंच काम मी उभी जवानी केलं. पण गाडी येऊन राह्यली हे आधी समजाले पाहिजे ना, लेकहो!

जलंब ते खामगाव ही आमची लहानशी लाइन. सवारीची शटल ठरल्या वेळी जाये अन् ठरल्या वेळी ये, तिची वेळ मले पाठ होती. भानगड मालगाडीची. कापसाच्या हंगामात जिनिंगमधून गठाणी निघाल्या की मालगाडी कव्हाही सुटे, अन् माझ्या फाटकावर टेलिफोन नव्हता. फाटकवाल्यानं आपल्या कानानं आयकावं अन् फाटक लावावं, असा सारा कारभार. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन सालं झाली होती. मुंबईत काय काय नवं आलं असंन ते असो, माझ्या फाटकावर एक हिरवी झेंडी, एक लाल झेंडी, एक कंदील अन् माझे दोन कान एवढंच सामान होतं.

त्यातले कान गेले. मुदतीचा ताप आला, अन् उतरताना कान घेऊन गेला. उजवा तं पुरता गेला. डाव्यात थोडंसं उरलं, तेही कापूस कोंबल्यावाणी. हे माझ्या बायकोले, कोकिळेले, ठाऊक होतं अन् घराबाहेर कोणालेच नाही. माणसं काय बोलतात ते मी ओठ पाहून ताडो. रेल्वेले समजलं असतं तं फाटक गेलं असतं, अन् फाटकासंगं राहाची खोली. आम्हाले ना वावर ना लेकरू. कोकिळा दुसऱ्याच्या वावरात कापूस येचाले जाये, ती दिवसभर माझे कान होऊन बसू शकत नव्हती.

ते काम सिंगलनं केलं. सिंगल म्हणजे आमचा कुत्रा. भुरकट, गावठी, अंगानं भरलेला. त्याचे दोन्ही कान सदा उभे राहत. पण दूरवर कुठं इंजिन निघालं, कोणालेच अजून आयकू आलं नाही, की त्याचा डावा कान बदकन खाली पडे. उजवा उभाच. रेल्वेत सिंगल पडला म्हणजे गाडी येते, म्हणून रूळ दुरुस्तीच्या गँगवाल्यांनी त्याचं नावच सिंगल ठेवलं. कान पडला की तो उठे, उंबरठ्याशी ये अन् माझ्या गुडघ्याले डोकं लावे. मी कानाकडे पाहो अन् फाटक लावाले जावो. त्याले हे कोणी शिकवलं नव्हतं. त्याची एकही गाडी कधी चुकली नाही, अन् साहेब लोकाईले वाटे माझे, कडूबाचे, कान मोठे तिखट आहेत.

२

दिवाळीनंतर कापसाच्या बैलगाड्या खामगावच्या बाजाराले सुरू झाल्या. एक दिवस ऐन रुळावर एका गाडीचे बैल बुजले. त्यायले पुढं हाकलाले सिंगल धावला, आपलं काम समजून. गाडी मागं सरकली अन् चाक त्याच्या कमरेवरून गेलं. मी त्याले ओढून काढलं तव्हा मागचे दोन्ही पाय चिंध्यावाणी लोंबत होते. गाडीवाला बिचारा माझ्या पाया पडे. त्याले काय बोलू?

वाटलं, दोन-चार दिवसात जाईन. नाही गेला. पुढच्या दोन पायांवर सारं अंग ओढत हिंडे. घासून घासून मांडीची कातडी गेली, तिथं माशा बसल्या अन् जखमेत किडे पडले. सीताफळाचा पाला वाटून भरला. तंबाखूचं पाणी टाकलं. आज किडे मरत, परवा नवे दिसत. जनावराच्या डॉक्टरनं पाह्यलं अन् कणा मोडला म्हणून हात जोडले. जखम धुताना तो दात दाखवे, मंग त्याच दाताईतून जीभ काढून माझा हात चाटे. तव्हा माझ्यानं राहवत नसे.

तरी हेही सहन केलं असतं. पण त्यानं काम सोडलं नाही. कान पडला की अंगणातल्या निंबाखालून निघे. पुढचे पाय गिट्टीवर पडत अन् मागचं अंग फरफटत ये. कोकिळा सांगे, आवाज येतो टक टक, अन् मंग घस्स. अंगणाएवढी जागा पार कराले त्याले केवढा वेळ लागे, अन् मागं ओली रेघ उमटे. बांधून ठेवला तं दोरीनं गळा कापून घेतला. मी त्याले म्हणो, राहू दे बे, मी पाहून घेतो. तोंडानं असं म्हणो अन् नजर त्याच्या कानावरच राहे. दुसरा उपायच नव्हता मले.

एक दिवस कोकिळा भाकर थापता थापता थांबली अन् माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "सोडवा आता त्याले. तुमच्यासाठी जीव धरून आहे तो."

 तिनं तव्यावरची भाकर जाळली, अशी ती कधी जाळत नसे.

३

गावात फकीर मोहम्मद नावाचे म्हातारे होते. सांधेदुखीसाठी त्यायले सरकारी परवान्याची अफू भेटे. मी त्यायले सारं सांगतलं. आपल्या वाट्यातली त्यायनं काढून दिली अन् देताना डोळे पुसले. गुळात दे, म्हणाले, नींद में चला जाएगा, त्याले समजणार बी नाही.

कोकिळेनं सकाळीच गूळ घालून भाकर कुस्करून ठेवली, सिंगलच्या तोंडावरून हात फिरवला अन् वावरात निघून गेली. तिच्यानं पाहवलं नसतं. मी निंबाखाली बसलो अन् माझ्या हातानं त्याले घास दिले. त्यानं सारे खाल्ले. माझ्या हातून त्यानं कधी काही नाकारलं नव्हतं. मंग माझ्या पावलावर डोकं ठेवून निजला.

बराच वेळ गेला. मी त्याच्या छातीवर हात ठेवला. हात हालला असं वाटलं. तेवढ्यात शटलची वेळ झाली, मी उठून फाटक लावलं अन् परत येऊन हात ठेवला. गाडी जाताना सारी जमीन थरथरते. हाताखाली जे हाललं ते जमिनीचं की त्याचं, मले उमजलं नाही. गाडी गेल्यावर पुन्हा पाह्यलं. काहीच नव्हतं. मंग, सवय पाहा माणसाची, श्वास आयकाले मी त्याच्या नाकापाशी कान नेला. माझा कान! डावा नेला, उजवा नेला. अन् काही आयकू आलं नाही म्हणून मी समजलो की तो गेला.

बारदानात घातला, तोंड सुतळीनं बांधलं. निंबाखाली खड्डा केला, मीठ टाकलं, माती लोटली अन् कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वरून गिट्टी रचली.

सांजच्याले कोकिळा आली. ती त्या गिट्टीपाशी बसली, उठली, अन् हात धुता धुता तिनं विचारलं, श्वास पाह्यला होता ना नीट? मी म्हणालो, हाव, पाह्यला. तिनं सहज विचारलं होतं. 

४

पुढचे काही दिवस कोकिळा घरीच राह्यली. गाडीची चाहूल लागली की माझा खांदा हालवे. पण असं किती दिवस चालणार? तिचा रोज बुडे. आठवड्याच्या बाजारानंतर ती पुन्हा वावरात गेली अन् मी दारात बसलो, नजर रुळावर. वळणामुळं गाडी दिसे तव्हा ती अगदी जवळ आलेली राहे.

दुपारी कंदिलाची काच पुसत होतो. माझ्या खोलीत आवाज नसतेच. भांडं पडलं तं मले पायाले समजते, कानाले नाही. अन् त्या खोलीत मले आवाज आला. साफ आला, तापाच्या आधी येत असे तसा. टक टक. टक टक.

मी उडालोच. पयलं मनात काय आलं सांगू? कान परत आले! मी हातातली काच ठेवली अन् टाळी वाजवली. काही नाही. सिंगलचं जेवाचं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, ताट उचलून भिंतीवर आपटलं. काही नाही. ओरडलो, गळा दुखला, काहीच नाही. अन् त्या शांततेत पुन्हा तेच आलं, निंबाकडून, गिट्टीवरून. उंबरठ्याशी येऊन थांबलं. दारात ऊन पडलं होतं, बाकी कोणी नव्हतं.

पाय आपल्या सवयीनं उठले. मी जाऊन फाटक लावलं. थोड्या वेळानं वळणावर धूर दिसला अन् मालगाडी निघून गेली.

मी हिरवी झेंडी धरून उभा होतो अन् डोळ्यातून पाणी वाहत होतं. आनंदानंच, कबूल करतो. मनात म्हणालो, वा रे गड्या, मेल्यावरही आलास. रागावला नाहीस माझ्यावर.

झेंडी गुंडाळता गुंडाळता ध्यानात आलं. चांगला होता तव्हा चार पायांवर ये. त्या चालीचा आवाज तापाच्या आधी मी आयकला होता, हलका, भराभर. हा आवाज तसा नव्हता. दोन नखं वाजत होती अन् त्यामागं घस्स होत होतं. ते मी आयकलं होतं, पण आनंदात मनावर घेतलं नव्हतं. मी झेंडी हातात धरून तिथंच रुळाशेजारी खाली बसलो.

५

कोकिळेले सांगतलं. तिनं नीट आयकून घेतलं, हसली नाही. म्हणाली, मनाचे खेळ आहेत. मी म्हणालो, मनाले मालगाडी कशी समजते?  दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम घरी थांबली. आवाज आला तसा मी तिच्याकडे पाह्यलं. तिनं मान हालवली. तिले काही आयकू आलं नव्हतं. मंग मी फाटक लावलं अन् गाडी आली, तव्हा तिचं तोंड उतरलं. सांजच्याले तिनं दाराशी एका वाटीत पाणी ठेवलं.

माझं डोकं कामातून गेलं. तो मेला असंन, तं मेल्यावरही तो पाय काऊन ओढून राह्यला? मी त्याले कशातून सोडवलं मंग? अन् मेला नसंन, तं मी बारदानात काय बांधलं, वर गिट्टी कशावर रचली? दोन्हीतलं एकही मनात ठेववत नव्हतं. फावडं घेऊन निंबाखाली जावो अन् तसाच परत येवो. एकदा कोकिळाच फावडं घेऊन निघाली, म्हणाली मी खोदते, एकदाचा सोक्षमोक्ष होईन. मी तिचा हात धरला. बारदान आतून फाटलेलं निघालं असतं तं मी काय केलं असतं?

त्यात आणखी एक. आवाज हळू होत चालला होता. आधी दोन दमात अंगण पार होये. मंग मधात थांबे. कितीक वेळ काहीच नसे, मंग एक टक, मंग लांब घस्स. तो उंबरठ्यापर्यंत येईस्तोवर मी दारात उभा राहून, हात बांधून, आयको. उठवत नसे, बसवत नसे. राहू दे बे, राहू दे, असं मी मोकळ्या अंगणाले म्हणो. फाटकातून जाणारे लोक पाहत. पण उंबरठ्याशी आवाज आल्याबिगर मी फाटकाले हात लावत नव्हतो, हेही तितकंच खरं. दुसरं काय पाहून लावणार होतो?

फाटक लावल्यावर गाडी येईस्तोवर आधी निवांत वेळ राहे. आता मी फाटकाचा आडणा घालून वळतो न वळतो तोच इंजिन समोर ये.

६

त्या दिवशी मी चुलीपाशी होतो. आवाज निघाला, अर्ध्यात थांबला. मी वाट पाहत बसलो. अन् मले तळपायाले जमिनीचा थरथराट समजला.

बाहेर आलो तं फाटक सताड उघडं, रुळावर शालूबाईची कापसाची गाडी, अन् वळणावर इंजिन. शालूबाई आमच्या गावची विधवा बाई, आपली गाडी आपणच हाके. इंजिनाच्या डोक्यावर पांढरी वाफ फुटली. शिट्टी मले तशीच समजते, डोळ्यानं. शालूबाईनं बैलाईच्या शेपट्या पिरगाळल्या, मी धावत जाऊन मागून चाकाले खांदा लावला. गाडी उतरली. इंजिनानं मागची फळी नेली, अन् कापूस सगळीकडे उडाला. माणूस-जनावर कोणी गेलं नाही, हे नशीब.

शालूबाई खाली उतरली. अंगावर सारा कापूस. माझ्यासमोर येऊन उभी राह्यली. तिचे ओठ मी वाचले.

"कडूबा, तुले आयकू येत नाही काय बे?"

अन् मी तिच्या तोंडाकडे पाहत असतानाच मागून आलं. टक. घस्स. टक. उशीर झाला होता तरी येत होता. गाडी निघून गेली होती तरी येत होता. मी शालूबाईले हाव म्हणालो. आयकू येत नाही, म्हणालो.

तव्हाच मनात ठरलं. मी फाटकावर आहे तोवर हा निजणार नाही. जिवंत होता तव्हाही माझ्यासाठीच उठत होता अन् आताही माझ्यासाठीच उठून राह्यला. साहेब ट्रॉलीवरून लाइन पाहाले आले तव्हा त्यायच्यासमोर उभं राहून सांगून टाकलं. साहेब तापले, पण माणूस भला. डॉक्टरी तपासणी झाली अन् मले खामगाव स्टेशनावर पाणीवाला केलं. मालधक्क्याच्या मागं एक टिनाची खोली भेटली.

निघताना मी निंबाखाली बसलो. गिट्टीवर हात ठेवून म्हणालो, "सिंगल, फाटक सुटलं आपलं. आता गाडी आली तं येऊ दे. तू नीज."

कोकिळेनं ते जर्मनचं ताट आपल्या गाठोड्यात बांधून घेतलं.

७

खामगावात पयले काही दिवस कानात काहीच नव्हतं. डाव्यात जे थोडं उरलं होतं तेही गेलं. मडकी भरावी, शटल आली की लोकाईले पाणी पाजावं. मी मधातच रडो, पण ते रडणं बरं वाटे. आपला कुत्रा मेला म्हणून माणूस रडते तसं साधं रडणं होतं. कोकिळा म्हणे, रडून घ्या, मोकळं होईन.

मंग एक दिवस मडकं भरता भरता हात थांबला. फार दूरून येत होतं. जलंबच्या अंगानं, लाइनीवरून. गिट्टीवर नखं, अन् मंग घस्स.

मी मडकं वाहू दिलं. दुसऱ्या दिवशी थोडं जवळून आलं. रेल्वेच्या डॉक्टरले कोकिळेनं विचारलं तव्हा ते म्हणाले, कान मेले की आपल्या मनानं वाजत राहतात, काळजी करू नका. मले ते पटलं. खरंच पटलं. मेलेल्या कानाचा आवाज आहे म्हणून मी दोन दिवस पोटभर जेवलो.

पण मंग आवाज बदलला. गिट्टी संपली अन् नखं लाकडावर वाजाले लागली. फाटक अन् खामगावच्या मधात नाल्यावर एक लहान पूल आहे. तिथं गिट्टी नाही, लोखंडाच्या तुळयांवर लाकडी स्लीपर आहेत, अन् दोन स्लीपरच्या मधात मोकळं. चार पायांचं जनावरही तिथं बिचकते. माझ्या कानाले तो पूल कसा ठाऊक असणार? मी आयकत होतो अन् मले समजत होतं, आता त्यानं पुढचे पाय पलीकडच्या लाकडावर टाकले. आता अंग ओढून राह्यला. आता मागचे पाय फटीत लोंबले. आता पुन्हा ओढून राह्यला. घास तोंडात फिरे. माणूस पाणी मागे अन् मी हातात तांब्या धरून उभा राहो. मी समजलो होतो फाटक सोडलं म्हणजे तो सुटला. त्याले वाटलं असंन, मालक सोडून गेला.

दिवस उगवला की तो पुलावर, मावळला तरी पुलावर. माझ्यानं सहन होईना. मी कोकिळेले म्हणालो, त्याले इतकं चालवत नाही, मी जाऊन उचलून आणतो. तिनं दार अडवलं. रुळावरून जासान, मागून गाडी आली तं तुम्हाले काय समजणार आहे? बरोबर बोलत होती.

८

ती बाजारात गेली तव्हा मी निघालो. शटल नुकतीच जाऊन आली होती, म्हणजे लाइन मोकळी, असा हिशोब केला. दुपार कलली होती. बाभळीच्या काट्याईले गाड्यातून उडालेला कापूस अडकला होता. मी रुळाच्या मधातून, एका स्लीपरवरून दुसऱ्यावर पाय टाकत चाललो. आवाज समोरून येत होता अन् आता इतका जवळ होता की मधात नुसतं धापणंही आयकू ये.

पुलाचा अलीकडचा कठडा दिसला. अन् त्याच्या पलीकडे, रुळाच्या मधात, खाली, जमिनीलगत काहीतरी होतं.

तो होता काय, असं मले विचारू नका. भुरकट होतं. एक ओढ घेई अन् थांबे. त्याच्या कमरेमागं जे येत होतं त्याकडे मी पाह्यलं नाही, माझी हिंमत झाली नाही. बारदानाचं सूत अंगाले चिकटलं होतं की काय, असं वाटलं. मी धावलो. हाक माराले तोंड उघडलं. त्यानं डोकं वर केलं, दोन्ही कान उभे. मले ओळखलं त्यानं.

अन् डावा कान पडला.

आजवर त्या कानानं मले कधी फसवलं नव्हतं. माझे पाय मले न विचारता रुळाबाहेर गेले अन् मी उतारावर आडवा झालो. पाठीवर वारा आदळला. इंजिन गेलं, मंग ताडपत्री घातलेले डबे, एकामागं एक, संपतच नव्हते. चाकाईकडे पाहता पाहता मले उमजलं की बाजूले मी एकटाच झालो. तो होऊ शकत नव्हता. मी त्याले उचलाले आलो होतो, अन् त्याचा कान पाह्यला अन् नुसता आपला जीव घेऊन पडलो.

डबे संपले. रूळ होते, स्लीपर होते, वर कापसाचे तंतू तरंगत होते. रक्त नव्हतं, केस नव्हता. मी पुलाखाली उतरून पाह्यलं, नाल्यातलं पाणी पाह्यलं. कानातही काही उरलं नव्हतं.

९

कोकिळेनं मले दोन्ही मुठींनी छातीवर मारलं. तिनं बाजारातून मालगाडीची शिट्टी आयकली होती अन् खोली रिकामी पाह्यली होती. मारून झालं मंग तिथंच रडत बसली. म्हणाली, त्यानं तुम्हाले वाचवलं असं समजा अन् सोडा आता. मी म्हणालो, कोकिळे, मी त्याले दुसऱ्यांदा मारलं. 

काही दिवस शांततेत गेले. मले वाटाले लागलं की संपलं. त्याच्यासाठी बरं वाटे, अन् खरं सांगतो, माझ्यासाठीही.

मंग एक दिवस सकाळी मडक्याईपाशी उभा होतो अन् आलं. फार दूर. अगदी आमच्या फाटकापासून, पयल्यापासून. निंबाखालच्या गिट्टीवरून निघाला होता.  आधी दोन नखं वाजत. आता एकच वाजत होतं. एक टक, अन् मंग किती वेळ नुसतं ओढणं. असा तो पुन्हा सारी लाइन चालणार होता, पुन्हा तो पूल. अन् पोचला नाही तं पुन्हा.

मी खोलीवर आलो अन् कोकिळेच्या समोर उभा राह्यलो. काय सांगावं? तिनं माझ्या तोंडाकडे पाह्यलं. तिले तिच्या चांगल्या कानांनी आजवर काही आयकू आलं नव्हतं, अन् तिचा या गोष्टीवर विश्वास नव्हता. तरी ती उठली. खुंटीवरचं बारदान काढून तिनं घडी केली अन् काखेत घेतलं. ते जर्मनचं ताट घेतलं, तांब्यात पाणी घेतलं. मंग मले नीट दिसावं म्हणून तोंड समोर आणून म्हणाली, "तुम्ही त्याच्याकडे ध्यान ठेवा, मी गाडीकडे ठेवते. दोघं मिळून आणू."

खोलीले कुलूप लावून आम्ही निघालो. ती माझ्या सदऱ्याची बाही धरून चालत होती. पूल आला, आम्ही एकमेकाले धरून पार केला. पुढं वळण आहे, तिथं दोन्ही बाजूनं बाभळी दाट आहेत. मले आवाज आता जवळून येत होता. एक नख, अन् ओढणं. मी तिले काही सांगतलं नव्हतं.

अचानक तिनं माझी बाही घट्ट ओढली अन् थांबली. तिच्या तोंडावरचं रक्तच उतरलं होतं. मी रुळाबाहेर व्हाले पाय उचलला अन् विचारलं, गाडी काय?

तिनं नाही म्हणून मान हालवली अन् आपल्या कानाले बोट लावलं. मंग काखेतलं बारदान काढून त्याची घडी उलगडाले लागली.